इंडिपेंडन्स रॉक, माझगाव

घसा पार बसलाय, कानात अजून ड्रम्स घुमतायत, पण झोपायच्या आधी लिहायलाच हवं. इंडिपेंडन्स रॉक या रॉक फेस्टिव्हलमध्ये इंडस क्रीड समोर उभं राहून ऐकलं!! १९८४ मध्ये रॉक मशीन या नावाने सुरू झालेला आपल्या मुंबईचा बँड. महेश तिनईकरांनी गिटारचा सोलो धरला तेव्हा आजूबाजूचे मोबाईल आपोआप खाली गेले. हेडफोनवर हे कधीच कळत नाही. बेसचा प्रत्येक सूर पायाखालच्या जमिनीतून वर चढतो आणि किक ड्रम थेट छातीत वाजतो.

शेजारी एक काका लेकीला घेऊन आले होते. धोबीतलावच्या रंगभवनात, जिथे १९८६ पासून हा फेस्टिव्हल भरायचा, तिथे कॉलेज बुडवून जायचे म्हणाले. पुढे तो भाग शांतता क्षेत्रात गेला आणि तिथलं रॉक थांबलं. फार वाईट वाटतं त्याचं.

आणि पेंटाग्राम! विशाल ददलानीला फक्त सिनेमाच्या गाण्यांतून ओळखत असाल, तर एकदा त्याला या बँडसोबत स्टेजवर बघाच. माणूस अक्षरशः पेटतो. पुढच्या वेळी कोण कोण येतंय? आत्ताच सांगा, तिकिटं एकत्र काढू.