तुम्ही विचारलंत म्हणून: ठाऊक नसताना सही कशी केली?

"पेशी दिल्यात खऱ्या, पण त्यांचं पुढे काय करणार हे तुम्हाला तरी ठाऊक होतं का?" स्टेम सेल, म्हणजे ज्यांपासून शरीरातल्या वेगवेगळ्या पेशी घडू शकतात त्या मूलपेशी; त्यांच्या संशोधनासाठी मी त्वचेचा नमुना दिला हे कळलं की बहुतेक जण हेच विचारतात. कुणी काळजीने, कुणी जरा रागावून. प्रश्न रास्त आहे. सगळं ठाऊक नव्हतं, आणि जे माझ्याकडून सही घेत होते त्यांनाही नव्हतं. तरी मी सही केली. कशाला हो म्हटलं, कशाला नाही म्हटलं, ते एकदा नीट सांगते.

माझ्या थोरल्या भावाला, दादाला, पन्नाशीच्या आतच पार्किन्सन्स झाला. मेंदूतल्या डोपामिन तयार करणाऱ्या चेतापेशी हळूहळू मरत जातात, म्हणून हाताला कंप सुटतो, चाल मंदावते. या पेशी जिवंत माणसाच्या मेंदूतून काढून तपासता येत नाहीत, ही संशोधकांची जुनी अडचण. 2006 साली जपानच्या शिन्या यामानाका यांनी तिच्यावर वाट काढली. उंदराच्या त्वचेतल्या पेशींमध्ये चार जनुकं घालून त्यांनी त्या पेशींना जवळजवळ गर्भावस्थेत परत नेलं, आणि पुढच्याच वर्षी हे माणसाच्या पेशींतही जमलं. अशा परतवलेल्या पेशींपासून हृदयाच्या, यकृताच्या, मेंदूच्या पेशी घडवता येतात. 2012 चं नोबेल त्यांना जॉन गर्डन यांच्यासोबत मिळालं ते याच शोधासाठी.

दादाच्या आजाराचा अभ्यास करणाऱ्या गटाला रुग्णाच्या आणि त्याच्या निरोगी भावंडाच्या पेशी शेजारी शेजारी वाढवून बघायच्या होत्या. भावंडांची जनुकं बरीचशी सारखी असतात, त्यामुळे आजाराशी संबंधित फरक हुडकायला मदत होते. निरोगी भावंड म्हणजे मी. दंडाच्या आतल्या बाजूला बधिर करणारं इंजेक्शन दिलं, गोल पात्याच्या छोट्या उपकरणाने तीन-चार मिलिमीटरचा तुकडा काढला, वर पट्टी लावली. दुखलं असं म्हणवत नाही.

अवघड होता तो त्याआधीचा भाग. सख्ख्या भावाचा हात जेवताना थरथरतो हे रोज बघणाऱ्या बहिणीला कुणी "देणार का नमुना?" असं विचारलं, तर ती नाही म्हणू शकते का? माझ्यावर कुणी जबरदस्ती केली नाही, पण मोकळेपणाने ठरवायला तेवढं पुरत नाही, हे मला तेव्हा प्रकर्षाने जाणवलं. दादाच्या डोळ्यांत आशा होती, आणि ती आशाच माझ्यावरचं दडपण होती.

या क्षेत्रातला सर्वात गाजलेला घोटाळा मला म्हणूनच वेगळा दिसतो. दक्षिण कोरियाचे ह्वांग वू-सुक यांनी 2004 आणि 2005 साली 'सायन्स' या नियतकालिकात दावा केला, की आपण क्लोन केलेल्या मानवी गर्भापासून मूलपेशी मिळवल्या. आकडे आणि छायाचित्रं बनावट निघाली, 2006 च्या जानेवारीत दोन्ही निबंध मागे घेतले गेले. लोकांच्या लक्षात राहिली ती ही बनवाबनवी. माझ्या मनात घर करून राहिल्या त्या ह्वांग यांच्याच प्रयोगशाळेतल्या तरुण संशोधिका, ज्यांची स्त्रीबीजं त्या प्रयोगांसाठी घेतली गेली. स्त्रीबीजं द्यायची म्हणजे रोज संप्रेरकांची इंजेक्शनं, भूल देऊन सुईने बीजं काढून घेणं, आणि क्वचित अंडाशय सुजून जिवावर बेतण्याचा धोका. तो प्रकल्प दोन हजारांहून जास्त स्त्रीबीजांवर चालला होता. ज्याच्या हातात आपली पदवी, आपली नोकरी, त्याच्या प्रकल्पाला बीजं देताना नाही कसं म्हणायचं? कागदावर ती 'स्वेच्छेने' दिलेलीच होती. निबंध खरे निघाले असते, तरी हे चूकच ठरलं असतं.

मला विचारणाऱ्यांनी मात्र हे नीट हाताळलं. संमतीसाठी बोलायला दादाचे नेहमीचे डॉक्टर आले नाहीत, प्रकल्पाशी संबंध नसलेल्या एक बाई आल्या. त्यांनी मला दादापासून वेगळं बसवलं. "तुम्ही नाही म्हणालात तर कारण आम्ही कुणालाही सांगणार नाही, तुमच्या भावालाही नाही. नमुना बसत नाही एवढंच कळवू," असं त्या म्हणाल्या. त्या वाक्यानंतर मला खऱ्या अर्थाने विचार करता आला. कागद घरी न्यायला दिले, सही त्या दिवशी घेतली नाही.

मग दादाला आणि मला एकत्र बसवून त्यांनी आणखी एक गोष्ट सांगितली, तीही आडपडदा न ठेवता: यातून दादाला काहीही फायदा होणार नाही. हा उपचार नव्हे. त्याच्या पेशींपासून चेतापेशी बनतील, पण त्या प्रयोगशाळेतल्या बशीत राहतील, त्याच्या मेंदूत जाणार नाहीत. दादाने तेच दोनदा वेगळ्या शब्दांत विचारलं. त्यांनी दोन्ही वेळा तेच उत्तर दिलं. तो थोडा वेळ गप्प राहिला, मग म्हणाला, "ठीक आहे, मग माझ्यानंतरच्यांसाठी." हे त्याने स्वतः म्हणणं आणि दुसऱ्या कुणी त्याच्याकडून म्हणवून घेणं यांत फार अंतर आहे. ज्याला बरं व्हायचंय त्याला कुठलीही तपासणी उपचारच वाटते, आणि ही गल्लत दूर करणं हे संमती घेणाऱ्याचं पहिलं काम आहे असं माझं ठाम मत आहे.

कारण हीच गल्लत विकून खाणारी दुकानं जगभर आहेत. "स्टेम सेल देऊन टाका ना दादाला, अमुक ठिकाणी देतात म्हणे," असं सांगणारेही मला पुष्कळ भेटतात. त्यांना मी 2017 च्या मार्चमधला 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'चा एक अंक सांगते. त्यात दोन वृत्तांत आहेत. एक अमेरिकेतल्या फ्लोरिडाचा: उतारवयात नजर अधू करणाऱ्या मॅक्युलर डिजनरेशनच्या तीन वृद्ध बायकांनी एका क्लिनिकमध्ये प्रत्येकी पाच हजार डॉलर भरले. पोटाच्या चरबीतून काढलेल्या तथाकथित मूलपेशी त्यांच्या दोन्ही डोळ्यांत एकाच दिवशी टोचल्या गेल्या. तिघींचीही दृष्टी जवळपास पूर्ण गेली. आपण एका वैद्यकीय चाचणीत भाग घेतोय असंच त्यांच्यातल्या काहींना वाटत होतं.

दुसरा वृत्तांत जपानमधल्या कोबेचा, त्याच आजाराचा. मासायो ताकाहाशी यांच्या गटाने 2014 साली एका वृद्ध बाईंच्या त्वचेपासून परतवलेल्या पेशी घडवल्या, त्यांतून दृष्टिपटलामागच्या पेशींचा पातळ थर तयार केला आणि तो एकाच डोळ्यात बसवला. वर्षभराने नजर सुधारली नव्हती, बिघडलीही नव्हती, आणि त्यांनी तसंच लिहिलं. दुसऱ्या रुग्णाच्या पेशी तयार होत्या, पण तपासणीत त्यांच्या जनुकांत बदल आढळले, तेव्हा शस्त्रक्रिया थांबवली. सगळ्या जगाचं लक्ष आपल्याकडे असताना हातातलं काम थांबवणं सोपं नाही. त्या थांबण्याबद्दल मला फार आदर आहे. ज्या संशोधनात स्वयंसेवकाकडूनच पैसे मागतात, तिथून उठून यावं. एवढं मी कुणालाही बेधडक सांगते.

आता गर्भाचा प्रश्न, जो नातेवाईक जरा आवाज खाली आणून विचारतात. 1998 साली अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन विद्यापीठात जेम्स थॉमसन यांनी पहिल्यांदा मानवी गर्भापासून मूलपेशी वेगळ्या केल्या. वंध्यत्वाच्या उपचारांत प्रयोगशाळेत तयार झालेले, वापरात न आलेले आणि जोडप्यांनी संशोधनाला दिलेले ते गर्भ होते. पाच-सहा दिवसांचे, शे-दोनशे पेशींचे, ना मेंदू ना मज्जातंतू. पेशी काढल्या की तो गर्भ संपतो, हे मात्र खरंच, आणि हे गुळमुळीत शब्दांत झाकू नये. गर्भधारणेच्या क्षणापासून तो पूर्ण माणूस आहे असं मानणाऱ्यांचा विरोध मला समजतो. मी तसं मानत नाही. अर्थात तो म्हणजे नुसता पेशींचा गोळा, असंही मला म्हणवत नाही. ब्रिटनच्या वॉर्नॉक समितीने 1984 साली प्रयोगशाळेत गर्भ वाढवण्याला चौदा दिवसांची मर्यादा सुचवली, आणि 1990 मध्ये तिचा कायदा झाला. साधारण त्या सुमारास गर्भात पुढच्या शरीराची पहिली रेघ उमटते, त्यानंतर एकाचे दोन जुळे होऊ शकत नाहीत. रेघ कुठे ओढायची यावर वाद घालता येईल, पण कुठेतरी ओढलीच पाहिजे आणि ती पाळलीही पाहिजे, हे मला पटतं. 2021 साली मूलपेशी संशोधकांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने ही मर्यादा आपल्या पूर्णपणे निषिद्ध गोष्टींच्या यादीतून काढली, तेव्हा मी अस्वस्थ झाले. आजही आहे.

आणि तरी 2025 च्या एप्रिलमध्ये 'नेचर'मध्ये पार्किन्सन्सवरच्या दोन छोट्या चाचण्यांचे निष्कर्ष आले, तेव्हा मी ते अधाशासारखे वाचले. क्योतोमध्ये सात रुग्णांच्या मेंदूत परतवलेल्या पेशींपासून केलेल्या चेतापेशी घातल्या होत्या, आणि त्या मूळ पेशी एका निरोगी स्वयंसेवकाच्या होत्या. अमेरिका आणि कॅनडातल्या बारा रुग्णांना दिलेल्या पेशी मात्र गर्भापासूनच्या, थेट 1998 मधल्या विस्कॉन्सिनच्या एका पेशीवंशातल्या, म्हणजे एकाच गर्भाच्या पेशींपासून प्रयोगशाळेत वाढवत आणलेल्या. दोन्हीकडे मुख्य तपासणी सुरक्षिततेची होती आणि पेशी टिकल्याचं दिसलं. रोग बरा झाला असं कुणी म्हटलेलं नाही. पण नव्वदच्या दशकात ज्या जोडप्याने तो गर्भ दिला, त्यांना तरी कुठे ठाऊक होतं? पाव शतकानंतर कुणा अनोळखी माणसाच्या मेंदूत त्या पेशी रुजतील, हे त्यांना कोण सांगू शकणार होतं? तुमच्या प्रश्नाला मी याहून जवळ जाऊ शकत नाही. पेशी देणाऱ्या माणसाला पुढचं दिसत नाहीच. त्याला बघता येतात ती माणसं आणि त्यांचे नियम: विचारणारे कोण, कुठे थांबायचं हे त्यांनी आधी ठरवलंय का, आणि पुन्हा विचारायला परत येणार का.

यामानाकांनी एका मुलाखतीत सांगितलं होतं, की मित्राच्या वंध्यत्व केंद्रात सूक्ष्मदर्शकाखाली गर्भ पाहताना त्यांना आपल्या मुली आठवल्या, आणि दुसरा मार्ग असायला हवा असं वाटलं. तो मार्ग सापडला तेव्हा अनेकांना वाटलं की नैतिक वाद मिटला. मिटला नाही, त्याने जागा बदलली. उंदरांमध्ये अशा परतवलेल्या पेशींपासून स्त्रीबीजं घडवून त्यांतून पिल्लं जन्माला आली आहेत. 2023 मध्ये इस्राएलच्या वाइझमन संस्थेने शुक्राणू आणि स्त्रीबीज न वापरता, केवळ मूलपेशींपासून, चौदा दिवसांच्या मानवी गर्भासारखी दिसणारी रचना तयार केली. म्हणजे माझ्या दंडावरचा तो कण आता तात्त्विकदृष्ट्या बऱ्याच ठिकाणी जाऊ शकतो. संमतीपत्रात पुनरुत्पादनासाठी वापराचा वेगळा रकाना होता. तिथे मी नाही लिहिलं, आणि तो रकाना नसता तर सहीच केली नसती.

जनुकांचं म्हणाल तर तिथे माझ्या एकटीच्या संमतीने भागत नाही. 1951 साली बाल्टिमोरमध्ये हेन्रिएटा लॅक्स या रुग्ण बाईंच्या कर्करोगाच्या गाठीतून त्यांना न विचारता घेतलेल्या पेशी आजही जगभर वापरात आहेत, हे बऱ्याच जणांना ठाऊक असतं. 2013 साली जर्मनीतल्या संशोधकांनी त्या पेशींचा संपूर्ण जनुकीय आराखडा सर्वांसाठी खुला केला, कुटुंबाला न विचारता, हे कमी जणांना ठाऊक आहे. कुटुंबाने हरकत घेतल्यावर तो मागे घेतला, आणि पुढे कुटुंबातले लोक सदस्य असलेल्या समितीच्या परवानगीनेच तो बघता येईल असं ठरलं. माझा आराखडा निम्मा माझ्या मुलीचा आहे. म्हणून सही करण्याआधी मी तिला विचारलं. तिने विचारलं, "नाव नसलं तरी ओळखता येईल का?" तो प्रश्न मी पुढे पोचवला. सांकेतिक क्रमांक असतो, पण जनुकांवरून ओळख पटणं अशक्य आहे अशी हमी देता येत नाही, असं उत्तर आलं. "अशक्य आहे" म्हणाले असते तर आम्ही दोघी मागे फिरलो असतो.

पैशांबद्दल दोन वाक्यं पुरेत. प्रवासखर्चाखेरीज काही मिळालं नाही, आणि उद्या यातून औषध निघून कुणी नफा कमावला तरी आमचा त्यात वाटा नाही, असं कागदावर लिहिलेलं होतं. दुसरी गोष्ट मला खुपते. नमुने देणाऱ्यांकडे निदान ते औषध परवडेल अशा दरात परत यावं, अशी अट असायला हवी असं मला वाटतं.

माघार घेता येते, पण पूर्ण नाही. कळवलं की शिल्लक पेशी नष्ट करतात. इतर प्रयोगशाळांना गेलेल्या पेशी आणि छापून आलेली माहिती मात्र परत येत नाही. हे सहीआधी सांगितलं होतं.

मध्यंतरी त्या गटाचं पत्र आलं. आमच्या पेशी गर्भासारख्या रचनांच्या संशोधनात वापरू का, अशी नव्याने विचारणा होती. जुन्या सहीत ते बसवून घेता आलं असतं, पण त्यांनी तसं केलं नाही. मी नाही म्हटलं. अशी रचना कुठल्या टप्प्यावर गर्भ मानायची हे तिथल्या शास्त्रज्ञांचंच ठरलेलं नाही, आणि ते ठरेपर्यंत माझ्या पेशी त्यात नसाव्यात असं मला वाटतं. दादाने हो म्हटलं. त्याचं म्हणणं, गर्भपात का होतात, जन्मजात दोष कुठून येतात हे दुसऱ्या कुठल्या मार्गाने कळणार? त्याच्या म्हणण्यात तथ्य आहे, आणि माझं उत्तर अजून बदललेलं नाही. गटाने दोघांची उत्तरं नोंदवून घेतली: त्याच्या पेशी त्या कामाला गेल्या, माझ्या फक्त पार्किन्सन्सच्या अभ्यासात राहिल्या.