धोलुओ कानात बसेपर्यंत

नोकरीनिमित्त केनियात किसुमूला आलो तेव्हा मला कामापुरती स्वाहिली येत होती. तिच्या जोरावर इथल्या लुओ लोकांची धोलुओ भाषाही येईल असं धरून चाललो आणि सहा महिने फुकट घालवले. स्वाहिली बांटू, धोलुओ नायलॉटिक. दोघींचं कूळच वेगळं. धोलुओ पश्चिम नायलॉटिक शाखेतली. तिच्या जवळच्या बहिणी अचोली आणि लांगो युगांडात, डिंका आणि नुएर दक्षिण सुदानात. केनियातलीच मासाई पूर्व शाखेची आणि नांदी दक्षिण शाखेची, म्हणजे ही नाती जरा लांबची.

मग दर रविवारी एका सहकाऱ्याच्या आईकडे जाऊन बसू लागलो. 'धो' म्हणजे तोंड, आणि भाषाही. जीभ दाताला टेकते की हिरडीला, यावर इथे शब्द बदलतो. त आणि ट वेगळे ऐकायची सवय मराठीने लावलेली, त्यामुळे हा फरक कानाला लगेच कळला. फक्त ट म्हणताना जीभ फार मागे वळवायची नाही, हे आईंनी पुन्हा पुन्हा सांगितलं. बाराखडी शिकताना घोकलेला आणि नंतर कधी न लागलेला ङ इथे दिवसभर लागतो. 'आङो?' म्हणजे 'काय?'

खरी परीक्षा स्वरांची. लिहिताना अक्षरं पाच, बोलताना स्वर नऊ. त्यांचे दोन गट: एकात जिभेचं मूळ पुढे सरकून घसा मोकळा होतो, दुसऱ्यात तसं होत नाही. साध्या शब्दातले सगळे स्वर एकाच गटातले हवेत. शिवाय सूर चढा की उतरता, तेही लिहीत नाहीत. मी आईंचे शब्द फोनवर रेकॉर्ड केले आणि ओठ मिटून नुसते गुणगुणत राहिलो. तीन-चार महिन्यांनी कान उघडले.

अनेकवचनांनी मात्र मला वेड लावलं. गॉट म्हणजे डोंगर, अनेक डोंगर गॉडे. उलट किडी म्हणजे दगड, अनेक दगड किटे! घोष व्यंजन (जसं ड) अघोष (जसं ट) होतं, अघोष घोष.

एकदा कुत्रं हाड चघळत होतं. मी म्हणालो, 'चोक गुओक'. आई म्हणाल्या, नाही, ते झालं कुत्र्याच्या अंगातलं हाड. ते चघळतंय ते 'चोगो गुओक'.