गज नथी

मंगळवार, रात्री पावणेबारा

झोप येत नाही. कारण सांगितलं तर घरातले हसतील, म्हणून इथे लिहितेय.

ट्रंकेतले कागद आज अखेर लावून झाले. भाडेपावत्या एकीकडे, रेशनकार्डं एकीकडे, आजोबांचा शाळेचा दाखला वेगळ्या पाकिटात. (त्या दाखल्यावर बापाच्या नावाच्या जागी जे आहे ते दोनदा वाचलं आणि पाकीट बंद केलं. ते पुन्हा कधीतरी.) अगदी तळाशी एक पिवळा कागद निघाला, चार घड्या घातलेला, घड्यांवर विरलेला. अक्षर गुजराती. शेजारच्या बांकडे घेऊन गेले. त्यांनी पदराला चष्मा पुसला आणि बोट ठेवत ठेवत वाचलं, सावकाराची गहाणचिठ्ठी, पणजोबांच्या नावाची: पितळेची तपेली दोन, समई एक, सारंगी एक. सारंगीच्या पुढे बारीक अक्षरात, मागाहून घातल्यासारखं: गज नथी. गज नाही.

रुपये ११. साल १९३८.

"वारभर कापडपण द्यायचं ठरलेलं दिसतंय, दिलं नाही," बा म्हणाल्या. त्यांचे मिस्टर मूळजी जेठा मार्केटात, कापडाच्या बाजारात होते, त्यांना गज म्हटल्यावर कापड मोजायचं मापच दिसणार. मी मान डोलावली, चहा प्यायले, कागद घेऊन निघाले. जिन्यात पाय थांबला. सारंगीचा गज, ती वाजवायची कमान. सारंगी गहाण पडली आणि गज पडला नाही.

तेव्हापासून ते दोन शब्द डोक्यातून जात नाहीत.

खरं तर सहा महिने मी शोधत होते ते असलं काही नव्हतं. कुठे तरी नाव हवं होतं. एखाद्या मैफलीचं हस्तपत्रक, त्यावर सगळ्यात खाली, बारीक टायपात, 'सारंगी' आणि पुढे आमचे पणजोबा. एवढंच. केरीहून केसरबाई आल्या, कुर्डीहून मोगूबाई, मंगेशीहून दीनानाथ, ही नावं घेताना आमच्या घरात सगळ्यांचे आवाज एक पट्टी वर चढतात. जणू हे सगळे एकाच आगबोटीतून भाऊच्या धक्क्यावर उतरले आणि मागून त्यांच्या वळकट्या धरून आमचे पणजोबा. गोवा तेव्हा पोर्तुगिजांचा, म्हणजे कागदोपत्री परदेशातूनच आले की ते. पण परदेशातून आलेल्या माणसाची कुठे तरी नोंद व्हावी, तर तीही नाही. भाडेपावत्या सगळ्या आत्याबाईंच्या नावावर. बहीण पुढे बसून गायची, भाऊ मागे सारंगी घेऊन बसायचा. पावत्यांवरही तो मागेच, इतका मागे की दिसत नाही. ते भाडं कोण भरायचं असं मागे एकदा आईला विचारलं होतं. ती मेथी निवडत होती, ती तशीच अर्धी टाकून गॅसपाशी गेली. गॅस बंद होता.

साथीदाराचं नाव राहायचं तर कादरबक्ष व्हावं लागतं. बालगंधर्वांच्या कंपनीत सारंगीवर कादरबक्ष आणि तबल्यावर तिरखवाँ, हे नाटकातलं काही न कळणारा माणूसही सांगतो. आमच्या माणसाचं नाव सांगणारा एकच कागद, आणि तोही सावकाराचा. इतरांच्या घरी तानपुरे असतात, खोक्यात घातलेली पदकं असतात. आमच्याकडे तपेल्यांच्या रांगेत बसलेली सारंगी आहे, तीही कागदावर. संध्याकाळी हे मनात आलं तेव्हा रडूच फुटलं. कुकरच्या शिट्ट्या मोजत रडले, तीन झाल्यावर थांबले.

पण गज का नव्हता?

जेवताना एक उत्तर सुचलं आणि ते मला फार आवडलं. त्यांनी मुद्दाम ठेवून घेतला. गज नसला की सारंगी मुकी. सावकाराने परस्पर विकायची म्हटली तर गिऱ्हाईकाला वाजवून काय दाखवणार? म्हणजे सोडवायला येणारच होते. अर्धं वाद्य घरी ठेवणं म्हणजे बोलीच केल्यासारखं. भांडी घासेपर्यंत मी त्या उत्तरात अगदी सुखात होते.

मग दुसरं सुचलं. घोड्याच्या शेपटीचे केस झडलेला, मोडका गज असेल, त्याला कोण विचारतो. आणि तिसरं, जे बहुतेक खरं असावं: सोडवायला आल्यावर 'माझा गज कुठे गेला' म्हणून कोणी भांडू नये, म्हणून व्यवहारी माणसाने लिहून ठेवलं. गज नथी. बस. त्यात पणजोबांच्या मनाचा काही संबंध नाही. माझ्याच मनाचा आहे.

तरी १९३८ हे साल काही पचत नाही. त्याआधीची पडझड समजते. 'आलम आरा' लागला तोच मुळी गिरगावात, मॅजेस्टिकमध्ये, १४ मार्च १९३१ ला. म्हणजे बोलपट पणजोबांच्या दारातच आला. पाठोपाठ नाटक मंडळ्या बसत गेल्या. बैठकीत पेटी शिरली होतीच. पेटीवाला आला, झाकण उघडलं, भाता मारला, झालं काम. सारंगीच्या तीन तातींखाली, म्हणजे आतड्याच्या तारांखाली, पस्तीस-छत्तीस तरफा, नुसत्या झंकारणाऱ्या बारीक तारा. त्या रागागणिक जुळवायच्या, आणि जुळवून होईस्तोवर गाणाऱ्या बाईंचा चहा होऊन पानही लागायचं. पेटी स्वस्त, सोयीची, शिवाय तिच्यामागे सारंगीची बदनामी नाही. (बदनामी कसली, ते घरात कोणी मोठ्याने बोलत नाही. मीही इथे थांबते.) पण १९४० मध्ये रेडिओने पेटीवरच बंदी घातली! पुढे तीसेक वर्षं रेडिओवर पेटीची साथ नव्हती. सारंगीवाल्यांना नोकऱ्या लागल्या. अहो, दोन वर्षं. दोन तपेल्या आणखी विकायच्या होत्या, समई विकायची होती, पण सारंगी दोन वर्षं कळ काढून ठेवायची होती. रात्री साडेदहा वाजता, ८५ वर्षांपूर्वी गेलेल्या संधीसाठी मी ओट्यापाशी उभी राहून एका मेलेल्या माणसावर चिडले.

तो चिडलेला सूर तसाच ठेवून मामाला फोन केला. तो जागाच असतो.

मामाकडे त्यांचा एक फोटो आहे. कोट, टोपी, डावा हात गुडघ्यावर. त्या हाताच्या नखांच्या मुळाशी काळपट घट्टे दिसतात, सारंगीची तात नखाने दाबतात ना, बोटाच्या पेराने नाही. तेवढाच काय तो पुरावा, असं मी म्हणत आले. म्हटलं, मामा, सारंगी गेली ते ठीक, पण गज कुठे गेला?

"कसला गज?"

मी सांगितलं. जाड काठी, बहुधा शिसवी, बाहेरच्या बाजूला थोडा बाक, टोकाशी खाच.

मामा पलीकडे गप्प. मग म्हणाला, "अगं, ती झोळीची काठी."

आमच्याकडे साडीची झोळी बांधायचे तेव्हा तोंड मिटू नये म्हणून आडवी काठी घालायचे ती. काळी, जड, मध्ये बाक. बाक असल्यामुळे झोळी नेहमी एकीकडे कलायची आणि बाळ कडेला घरंगळायचं, म्हणून आजी त्या काठीला शिव्या घालायची. पण काठी कधी बदलली नाही. मामा तिच्याखाली निजला, आई निजली, दोन्ही मावश्या निजल्या. आणि झोळीतून उतरल्यावर त्याच काठीचा मार खाल्ला. "पाढे चुकले की," मामा म्हणाला, "पाठीवर. लागायचीही मस्त. जड होती ना."

तिचं पुढे काय झालं, त्याला माहीत नाही. चाळ पाडायच्या आधी सामान हलवलं, त्यात कुठे तरी. आता तिथे टॉवर आहे, खाली पार्किंग. तो गजच होता असं मी छातीठोकपणे सांगू शकत नाही. बाक असलेल्या काळ्या काठ्या जगात पुष्कळ असतील.

फोन ठेवून आईच्या खोलीत गेले. तिला झोप लागत होती, तरी विचारलं. डोळे न उघडता तिने अंथरुणातच दोन्ही हात काढले आणि तळवे समोरासमोर धरून लांबी दाखवली. "एवढी. आणि टोकाला चिरलेली होती, माझ्या बोटात कुसळ गेलेलं." मी तिला म्हटलं, तशीच थांब. शिवणाच्या डब्यातली टेप आणली. ती पुटपुटली, काय चाललंय तुझं रात्रीबेरात्री, पण हात काही हलवले नाहीत.

सत्तावीस इंच.

बा म्हणाल्या तो वार छत्तीस इंचांचा. नऊ इंच कमी. उद्या बांना सांगायला हवं.