चोपड्याच्या अप्पांचं धनुष्य

भाद्रपदातली गोष्ट. दुकानात शाळेच्या बॅडमिंटन रॅकेटचं गटिंग चाललं होतं, आणि चोपड्याकडचे एक अप्पा युरियाची गोणी खांद्यावर टाकून आत आले. गोणीतून निघालं कंपाउंड धनुष्य, दोन्ही टोकांना चाकं असलेलं. झाडापानांच्या छापाचं, काळपट हिरवं. म्हणजे शिकारीचं.

जळगावात कंपाउंड आता नवलाचं राहिलेलं नाही. 2023 साली साताऱ्याची आदिती स्वामी आणि नागपूरचा ओजस देवतळे बर्लिनमध्ये जगज्जेते झाले आणि तेव्हापासून आईबाप पोरांना घेऊन थेट कंपाउंडच मागायला येतात. अगोदर सहा महिने बांबूच्या धनुष्यावर खांदा तयार करा म्हटलं, तर पुढच्या दुकानात जातात. पण ती स्पर्धेची धनुष्यं, लाल-निळी, चकचकीत. हे त्यांच्यातलं नव्हतं. अप्पांचा पुतण्या अमेरिकेत असतो. तिथं परवाना काढून धनुष्यानं हरणाची शिकार करता येते. दोन वर्षांपूर्वी तो हे घेऊन आला आणि हौस फिटल्यावर मळ्यातच सोडून गेला.

"भाऊ, याना आवाज बंद करी दे," अप्पा म्हणाले आणि आवाज दाखवायला म्हणून रिकामीच दोरी खेचायला लागले.

मी आणि माझ्याकडचा पोरगा एकदमच ओरडलो. बाण न लावता कंपाउंड सोडायचं नसतं. बाणात जायची ती सगळी ताकद परत धनुष्यात शिरते, पाती, म्हणजे धनुष्याचे वाकणारे हात, फुटतात, आणि फुटलेलं पातं तोंडाजवळच असतं. अप्पांनी दोरी हळूच परत नेली, पण चेहऱ्यावर 'एवढं काय त्यात' होतंच.

खरं तर तेव्हाच विचारायला हवं होतं. इतकी वर्षं धनुष्यं दुरुस्त करतोय. नेम डावीकडे जातो, दोरी उसवली, बोल्ट झिजला, असलं सगळं आलं. आवाज बंद करा म्हणणारं गिऱ्हाईक एकही आलं नव्हतं. पन्नास मीटरवरच्या टार्गेटला कान नसतात. आवाजाची काळजी फक्त शिकाऱ्याला. बाण सेकंदाला साधारण पंच्याऐंशी मीटर जातो आणि आवाज तीनशे चाळीस. वीस मीटरवरच्या जनावराला बाणाच्या कितीतरी आधी 'टण्ण' पोचतो आणि ते दबकून उडी मारतं. हे सगळं मला माहीत होतं. पण समोर कोडं आलं की माझं बाकी डोकं बंद पडतं, हा दोष जुना आहे.

मागच्या अंगणात गवताच्या टार्गेटवर चार मीटरवरून मी बाण सोडला. पोरगा बाजूला डोळे मिटून उभा. तो सातपुड्यातल्या पाड्यावरचा, पावरा आदिवासी. त्याच्या आजोबांच्या तिरकामठ्याला बांबूच्या सालीची दोरी असायची. धनुष्याच्या बाबतीत मी माझ्या यंत्रांपेक्षा त्याच्या कानाला मानतो. "सर, हा एक आवाज नाही," तो म्हणाला. "तीन आहेत. एक मागून उशिरा येतो."

उशिराचा सोपा निघाला. धनुष्यालाच लावलेल्या बाणांच्या भात्याचा एक स्क्रू सैल होता, तो झणझणत होता. भाता काढून पुन्हा बाण सोडला. दुसरा आवाज दोरीचा. या धनुष्याला दोरी अडवायला एक रबरी बोंडाचा दांडा असतो, स्ट्रिंग स्टॉप. तो बोटभर मागे सरकला होता, त्यामुळे दोरी मोकळी हेलकावत राहायची. बोंड आणि दोरी यांच्यामध्ये एटीएम कार्ड जेमतेम सरकेल एवढी फट ठेवून आवळला. बाण टेकतो तिथली मखमल झिजून खाली धातू लागत होता, खेचताना करवतीसारखा खर्र. तिथं बांगड्यांच्या डबीतली मखमल कापून चिकटवली.

तिसरा आवाज मात्र दुपारभर सापडेना. सोडताना फुटका, एकाचे दोन झाल्यासारखा. शेवटी दोरीवरून बोट फिरवलं तर ती सुतळीसारखी कोरडी, खरखरीत. विचारलं, उन्हाळाभर हे कुठे होतं? मोटारीच्या खोलीत, पत्र्याखाली. आपल्याकडे वैशाखात बाहेर सावलीत चव्वेचाळीस-पंचेचाळीस, पत्र्याखाली किती ते मोजूच नका. मेण वाळून गेलं, दोरी आणि केबल ताणल्या गेल्या, तेही सारख्या नाहीत. त्यामुळे वरचा आणि खालचा कॅम, म्हणजे टोकांची ती चाकं, एकत्र थांबत नव्हते. वरचा टेकायचा, खालचा तीन-चार मिलिमीटर मागे. एमआयडीसीतल्या लेथवाल्याकडून बनवून घेतलेल्या माझ्या प्रेसमध्ये धनुष्य दाबलं, केबल सोडवली, अर्धा पीळ दिला, परत चढवली, खेचून पाहिलं. पुन्हा अर्धा. चौथ्या वेळी दोन्ही कॅम एकाच क्षणी टेकले. हातालाच कळतं ते, दार चौकटीत नीट बसल्यासारखं. या कामाचे पैसे कोणी मोजून देत नाही, पण मला धंद्यात सगळ्यात आवडतं ते हेच.

मग दोरीला मेण चोळलं, रबरी केसांचे दोन गोंडे बांधले, एक वर, एक खाली. पोरगा म्हणाला कापसाचे करू, कापसाच्या गावात रबर कशाला? पण कापूस दवात ओला होऊन जड होतो.

बाण सोडला. 'थप्'. उशीवर हात मारल्यासारखा. अप्पांना मोबाइलच्या ॲपवर आधीचा आणि नंतरचा आकडा दाखवला. माझा स्वतःचा त्या ॲपवर विश्वास नाही, गिऱ्हाइकाचा बसतो.

तेव्हा पोरग्यानं विचारलं, मी नाही. "अप्पा, आवाज कोणाला जायला नको?"

"रातले डुकरं येतस," अप्पा म्हणाले. दोन एकर मका आडवा केलाय. मी वन्यजीव कायदा सांगितला, 1972 चा. रानडुकरालाही वनखात्याच्या परवानगीशिवाय हात लावता येत नाही, नुकसानभरपाईचा अर्ज करा म्हटलं. अप्पांनी शांतपणे ऐकून घेतलं. "तू एक रात ये ना मन्हा वावरमा," एवढंच म्हणाले.

आता जे सांगतोय ते पोरग्यालाही सांगितलेलं नाही. अप्पांचे बाण पुतण्याचे, सरावाचे, हलके. शेजारच्या सराफाच्या काट्यावर एक तोलला होता: वीस ग्रॅम सातशे मिलिग्रॅम, म्हणजे बाणाच्या मापात जवळपास 320 ग्रेन. धनुष्य सत्तर पौंडांचं, म्हणजे खेचायला तेवढी ताकद लागणारं. पौंडामागे निदान पाच ग्रेन हवेत, म्हणजे 350. त्याहून हलका बाण म्हणजे अर्धवट रिकामीच दोरी सोडणं. आवाजाचं खरं मूळ तेच. बाण जड केला की धनुष्य सुरक्षितही होतं आणि निम्मं मुकंही. माझ्या कपाटात त्यासाठीची पितळी वजनं पडून आहेत.

मी ती काढली नाहीत. पात्यांचे दोन्ही बोल्ट सारखे सैल करत ताकद साठ पौंडांवर आणली. हिशेब बसला, धनुष्य फुटायचं नाही. अप्पांनी खेचून पाहिलं आणि खूश झाले, "हलकं व्हयनं!" बाण हेच चालतील ना? चालतील, म्हटलं. आठशे रुपये घेतले.

त्या रात्री मला वाटलं, शहाणपणा केला. दुसऱ्या दिवशी वाटेना. हलका बाण, कमी ताकद, अंधार. डुक्कर मरणार नाही, पण लागेल. आणि लागलेलं डुक्कर मक्यातून सरळ माणसावर येतं, हे चोपड्याच्या कोणत्याही पोराला विचारा. सरळ नाही म्हणून गोणी परत द्यायची होती. नाहीतर काम पुरतं करायचं होतं.

दहा दिवसांनी अप्पांचा फोन. "आवाज गया, पन डुक्कर बी गयं. आते काय करू?" अजून काहीतरी ऐकू जातंय त्याला, असं त्यांचं म्हणणं. मी म्हटलं, घेऊन या एकदा. ते आले नाहीत, मीही पुन्हा फोन केला नाही.

मका निघून गेला. आता तिकडे हरभरा वर आलाय. काल अप्पांचे दोन मिस कॉल पडलेत.