आईची चतुर्थी आणि तांडेल काकांचं गणित

आमच्या घरात समुद्र कोणीच पाहिला नव्हता. टीव्हीत पाहिला होता, पण पायाला लागलेला नव्हता. पवनी तालुक्यात वैनगंगेच्या काठी आमचं गाव, बाबा ढिवर, म्हणजे मासे धरणारे, सगळं आयुष्य डोंग्यात, लाकडी होडीत गेलं. १९८८ ला गोसीखुर्द धरणाचं भूमिपूजन झालं तेव्हा बाबांचं लग्न व्हायचं होतं, नंतर पाणी साचलं, वाहती नदी तळ्यासारखी रुंद होऊन बसली, तरी बाबा रोज पहाटे त्याच पाण्यात. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका म्हणून लागले तेव्हापासून मनात होतं की या माणसाला एकदा समुद्रावर न्यायचं, न्यायचं म्हणजे नुसतं काठावर उभं करून फोटो काढायचे नाही, पाण्यात न्यायचं.

या जानेवारीत जमलं. तूर निघाली होती, हरभऱ्याला घाटे लागून राहिले होते, दादाला चार-पाच दिवस मोकळे मिळाले. आई, बाबा, दादा, वहिनी, दोन भाचे आणि मी, असे सात जण. नागपूरहून मडगावची गाडी दुपारी धरली आणि दुसऱ्या दिवशी दुपार कलायच्या वेळी कुडाळला उतरलो. डब्यात पोळ्या, झुणका, ठेचा, चिवडा, आईचं अर्धं सामान खायचंच होतं. रस्त्यात बाबांनी विचारलं, "आपली नदीबी याच समुद्राले मिळते का गा?" मी सांगितलं, नाही बाबा, आपली वैनगंगा वर्धेला मिळते, तिची प्राणहिता होते, मग गोदावरी, आणि ते सगळं पाणी पार तिकडं पूर्वेला बंगालच्या उपसागरात जाते. बाबा थोडा वेळ खिडकीबाहेर पाहत राहिले आणि म्हणाले, "म्हणजे हा दुसऱ्याचा समुद्र हाये."

पहिल्या दिवशी मालवणच्या जेट्टीवरून सिंधुदुर्ग किल्ला पाहिला. महाराजांनी २५ नोव्हेंबर १६६४ ला कुरटे बेटावर याचा पाया घातला, सुमारे ४८ एकरांचा किल्ला, तटाच्या पायात शिसं ओतलेलं, हे सगळं मी पोरांना वर्गात किती वेळा सांगितलं असेल, पण तिथं तटावर उभं राहून खाली लाटा आपटताना ऐकल्या तेव्हा माझाच घसा भरून आला. बाबांना मात्र सगळ्यात जास्त नवल विहिरींचं. दूधबाव, साखरबाव, दहीबाव, चारी बाजूंनी खारं पाणी आणि मधे या गोड पाण्याच्या विहिरी! ते विहिरीच्या काठावर वाकून किती तरी वेळ आत पाहून राहिले होते.

किल्ल्यावर जायची होडी सगळ्यांची असते, बसा, उतरा, ठरलेल्या वेळात परत या. ते ठीकच आहे. पण मला बाबांसाठी अख्खी बोट पाहिजे होती, दिवसभराची. संध्याकाळी किनाऱ्यावर एक एजंट भेटला, त्याच्याकडे पॅकेज, डॉल्फिन अधिक वॉटर स्पोर्ट्स अधिक फोटो, सात जणांसोबत आणखी सहा जण बसवणार म्हणे. बाबांनी बोट पाहिली, पाण्यात किती बसली आहे ते पाहिलं आणि विचारलं, "जॅकेटं किती हायेत?" तो म्हणाला, आहेत ना काका समोर ठेवलेले, लागले तर घालू. बाबा तिथूनच वळले. मला म्हणाले, बुडायच्या वेळी कोणी जॅकेट शोधत बसते का.

हे बाबा का बोलले ते मला माहीत आहे. जानेवारी २०२४ मध्ये आमच्याच वैनगंगेत, खाली चामोर्शी तालुक्यात गणपूरजवळ, मिरची तोडायला निघालेल्या बायांची नाव उलटली आणि सहा बाया गेल्या. मजुरीसाठी पलीकडच्या काठाला चालल्या होत्या. त्या दिवशी आमच्या घरी चूल उशिरा पेटली होती. आमच्याकडे डोंग्यात जॅकेट कोण घालते? पोहता येते ना, झालं. पण लुगडं नेसलेल्या बाईला थंडीच्या पाण्यात पोहता येऊनही काय होणार!

मग आम्ही देवबागला ज्या घरी उतरलो होतो तिथल्या काकूंनी त्यांच्या ओळखीच्या एका तांडेल काकांना, म्हणजे बोट चालवणाऱ्या काकांना बोलावलं. साठीचे असतील, उन्हानं रापलेले, बोलणं कमी. फायबरची बोट, मागं आउटबोर्ड मशीन, आणि सात जणांना सात जॅकेटं, दोन लहान मापाची. साडेपाच हजारात सकाळपासून तीन वाजेपर्यंत, डिझेल-पेट्रोल काय ते त्यांचं, दुपारचं जेवण धरून. महाग वाटलं का? वाटलं. पण सात जणांचं वेगवेगळं तिकीट, वेगवेगळं पॅकेज जोडून पाहिलं तर फार फरक नव्हता, आणि इथं घाई कोणाचीच नव्हती. कोणी जात असाल तर माझं ऐका, अख्खी बोट घ्या, आणि पैशांच्या आधी जॅकेटं मोजा.

किती वाजता निघायचं विचारलं तर तांडेल काकांनी उलट विचारलं, "उद्या तिथी खयची?" आम्ही सगळे मोबाईल काढून राहिलो तर आई मागून म्हणाली, "चतुर्थी. उपास हाये माहा." काका लगेच बोलले, मग चार तिथीला पाऊणनं गुणा, तीन. उद्या तीनाला पूर्ण भरती, आणि त्याच्या सहा तास आधी, नवाच्या सुमाराला सुकती. ओहोटीला ते सुकती म्हणतात. सातला निघू म्हणाले, वाळू उघडी पडलेली दिसेल.

मी गणित शिकवते आणि मला हे माहीत नव्हतं! तिथीची पाऊणपट केली की भरतीची साधारण वेळ निघते. पौर्णिमेनंतर पुन्हा एकपासून मोजायचं. भरती रोज पाऊण-एक तास पुढं सरकते ती चंद्रामुळं, आणि तिथीही चंद्राचीच, म्हणून बसते ते. आई आयुष्यभर चतुर्थ्या, एकादश्या धरत आली, तिथी विचारायला गावातल्या बाया तिच्याकडे येतात, पण तिच्या तिथीवर समुद्राचं पाणी चढते-उतरते हे तिला त्या दिवशी कळलं. तिनं तिथंच बोटांवर मोजून पाहिलं, अष्टमीला किती, सहा. एकादशीला किती, सव्वाआठ. खूश होती एकदम.

सकाळी खाडीच्या बाजूनं निघालो. देवबाग म्हणजे जमिनीची एक चिंचोळी पट्टी, एका अंगाला समुद्र, दुसऱ्या अंगाला कर्ली नदी, आणि टोकाला दोघांचा संगम. पाणी मागं सरत होतं आणि नदीच्या मधे वाळूचा पट्टा वर येत होता, त्याला सुनामी आयलंड म्हणतात, २००४ च्या त्सुनामीनंतर ही वाळू वर आली असं तिथले लोक सांगतात. आम्ही पोचलो तेव्हा वाळू ओली होती, आमच्या आधी कोणाचंच पाऊल नव्हतं. भाचे सुटले. बाबा मात्र पाण्याच्या कडेला बसले, हातात पाणी घेतलं, जिभेला लावलं, थुंकले, मग परत लावलं. नंतर एक काडी वाळूत रोवली आणि तिच्याकडे पाहत बसले. अर्ध्या तासानं पाणी काडीपासून वीतभर लांब गेलं. थोड्या वेळानं थांबलं. आणि मग परत यायला लागलं. "आपल्या नदीचं पाणी एकाच दिशेनं जाते गा," बाबा म्हणाले, "हे तर जाते बी न येते बी."

मला वाटलं आता समुद्रात जायचं, पण तांडेल काका थांबले. सुकतीला नदीचं पाणी जोरात बाहेर जाते, समोरून लाट येते, दोन्ही भिडले की तोंडावर लाटा उभ्या राहतात, म्हणाले. भरती चांगली लागली की जाऊ. एवढ्या वेळात बाबांची आणि त्यांची गट्टी जमली. एक मालवणी बोलणार, एक आमची झाडीबोली, मधे मी कधी कधी, पण मधे माझी गरज फार पडलीच नाही. जाळ्याचं भोक किती बोटाचं, दोर कशाचा, रापण, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं, ते ओढायला माणसं किती लागतात. काकांनी सांगितलं की इकडं १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते, मग नारळी पौर्णिमेला दर्याला नारळ द्यायचा. बाबा म्हणाले, आमच्याकडंबी पावसाळ्यात मासा अंड्यावर असते, तेव्हा पोटाले चिमटा घेऊन बसा लागते. काका म्हणाले, "मगे काय काकानू, सगळीकडे तसाच."

साडेदहाच्या पुढं बाहेर पडलो. बोट वर गेली की पोटात गोळा, खाली आली की आईचा "गणपती बाप्पा", वहिनीला मळमळलं, तिनं लिंबू हुंगत दादाचा हात धरून ठेवला. आणि मग डॉल्फिन. आधी एक पाठ, काळपट, मग दोन, मग फुस्स करून श्वास सोडल्याचा आवाज, एवढ्या जवळून की बारका भाचा दचकला. काकांनी मशीन बंद करून टाकलं, मागं लागायचं नाही म्हणाले, ते यायचे तर आपण येतात. आम्ही नऊ-दहा तरी पाठी मोजल्या. कोणी बोलत नव्हतं. असा शांत बसलेला माझा भाचा मी पहिल्यांदा पाहिला.

परत फिरलो आणि थोड्या वेळात मशीन घर्रर्र करून बंद पडलं. पंख्यात काही तरी अडकलं होतं. बोट लगेच आडवी फिरली आणि लाटा बाजूनं बसायला लागल्या, ते फार वाईट, आडव्या बोटीला लाट उलटवू शकते. काकांनी पहिलं काय केलं तर नांगर टाकला. दोर ताणला तशी बोटीचं तोंड लाटेकडे झालं आणि हलणं कमी झालं. मशीन वर उचललं तर पंख्याला हिरवं नायलॉनचं जाळं गुंडाळलेलं, कोणाचं तरी तुटून वाहून आलेलं. काकांनी कोयती काढली, तर बाबा म्हणाले थांबा, आणि दोघं मागं ओणवे झाले. बाबांनी पंखा हातानं उलटा फिरवायला सुरुवात केली, एक वेढा सुटला की दुसरा, जिथं घट्ट बसलं तिथं नखानं सैल करायचं, काका खालून ओढून घेत होते. बाबांची बोटं मी लहानपणापासून पाहिली आहेत, जाळ्याच्या दोरानं घट्टे पडलेली, करंगळी वाकडी. तीच बोटं अरबी समुद्रात एका अनोळखी माणसाच्या मशीनमधून जाळं सोडवून राहिली होती, आणि जाळं ओळखीचं होतं. शेवटचा गुंता तेवढा कापावा लागला. बाबांनी तो तुकडा हातात धरला, भोकात बोटं घालून पाहिली, म्हणाले, "तीन बोटाचं हाये."

तुकडा पाण्यात टाकला नाही, काकांनी तो बोटीतच ठेवला. मशीन दुसऱ्या झटक्याला सुरू झालं.

दुपारी खाडीत येऊन, बोट सावलीला लावून जेवलो. काकांच्या घरून आलेला बांगडा, भात, सोलकढी. आम्ही धरणातले रोहू, मरळ खाणारे, पहिल्या घासाला वहिनी बिचकली, मग दोन बांगडे खाल्ले. आईची साबुदाण्याची उसळ तिच्या डब्यात, ती तांडेल काकांना पण दिली, उसळ म्हणता होय तुम्ही, आम्ही खिचडी म्हणतो, म्हणाले. तीनला पाणी काठोकाठ होतं. सकाळची वाळू गायब! जिथं भाच्यांनी किल्ला केला होता तिथून एक होडी जाऊन राहिली होती.

रात्री आईला उपास सोडायला चंद्र पाहिजे होता. समुद्र पश्चिमेला, चंद्र उगवणार पूर्वेला, म्हणून आम्ही घराच्या मागच्या अंगाला नदीवर जाऊन बसलो. नवाच्या पुढं माडांच्या मागून तांबूस चंद्र वर आला. आईनं अर्घ्य दिलं, हात जोडले, आणि नमस्कार संपता संपता बाबांना म्हणाली, "आता पाणी उतरलं असन ना जी?" बाबांनी वाकून काठ पाहिला. उतरलं होतं.

गावी येऊन तीन आठवडे झाले. बाबांनी आल्या आल्या डोंगा पालथा घालून डांबर लावलं, ते दर वर्षीचंच. पण मग मला म्हणाले, ती जॅकेटं मोबाईलवर भेटतात का पाय. मी चार मागवली, एक लहान मापाचं. गावातल्या तीन बाया रोज त्यांच्यासोबत पलीकडं मिरची तोडायला जातात. काल पार्सल पवनीत आलं, बाबा आज सकाळी आणायला गेले आहेत.