लागणे, करणे आणि लावून घेणे

माझे औषधांचे दुकान लातूर जिल्ह्यातील एका तालुक्याच्या गावी, बसस्थानकासमोरच्या रांगेत आहे. तेथे २६ वर्षे बसून मला एवढे नक्की कळले आहे, की एखादे गिऱ्हाईक बाकीची गिऱ्हाइके जाण्याची वाट पाहत थर्मामीटरच्या किमती विचारू लागले, तर त्याला थर्मामीटर नको असतो. गेल्या वर्षी पोळ्याच्या सुमारास असाच एक मुलगा आला. जवळच्या अभ्यासिकेत बसून स्पर्धा परीक्षेची तयारी करणारा, बावीस-तेवीस वर्षांचा. दुकान रिकामे झाल्यावर त्याने काउंटरच्या काचेकडे पाहतच विचारले, "काका, मन मरायची काही गोळी असती का?" मला वाटले की हा झोपेच्या गोळ्यांकडे वळतो आहे, म्हणून मी त्याला आत स्टुलावर बसवून घेतले आणि चहा सांगितला.

चहा थंड होईपर्यंत जे बाहेर आले, ते वेगळेच होते. रात्री अकरापासून पहाटे चारपर्यंत तो मोबाईलवर अश्लील चित्रफिती पाहत बसतो आणि हे दीड वर्ष चालू आहे. दोन परीक्षांचे अर्ज भरण्याची मुदत त्यापायी निघून गेली. एकदा त्याने मोबाईल फरशीवर आपटून फोडला, नंतर बटणांचा साधा मोबाईल घेतला आणि तीन आठवड्यांनी उसनवारी करून पुन्हा स्मार्टफोन आणला. मी विचारले, "पाहून बरे वाटते का?" तो म्हणाला, "पहिलं वाटायचं. आता कायबी वाटत नाही." आणि थोडे थांबून म्हणाला, "मी करत नाही काका, ते हून जायलंय माझ्याकडून."

(त्याच्या संमतीने हे लिहितो आहे. येथील सर्वच माणसांची ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.)

लैंगिक वर्तनावरचा ताबा सुटणे हे व्यसन की ज्याची त्याची निवड, या वादाची दोन्ही टोके त्या मुलाच्या एका वाक्यात आली होती. आपली भाषाही या प्रश्नावर एका बाजूला उभी राहत नाही. आपण म्हणतो "त्याला नाद लागला", तेव्हा ताप लागावा, ठेच लागावी, तसा नाद बाहेरून येऊन माणसाला चिकटतो आणि माणूस वाक्यात कर्ता राहतच नाही. "तो नाद करतो" म्हटले, की तोच माणूस पुन्हा कर्ता होतो आणि सगळा दोष त्याच्या पदरात पडतो. आमच्याकडे उसाच्या ट्रॅक्टरमागे "नाद करायचा नाय" असे रंगवलेले असते, ते वेगळ्या अर्थाने, हे मान्य. पण त्यातही नाद ही करण्या-न करण्याची गोष्ट धरलेली आहे. या दोहोंच्या मधले एक तिसरे क्रियापद घराघरांत वापरले जाते आणि चर्चेत मात्र कधी येत नाही. आई म्हणते, "त्याने नाद लावून घेतला." लावून घेतला, म्हणजे लागला खरा, पण लागण्यापूर्वी आणि लागताना काही दारे त्याने स्वतः उघडी ठेवली. मला हे तिसरे क्रियापद सर्वांत खरे वाटते. मात्र ते कोणालाही सरसकट लावता येत नाही, हेही मला याच दुकानात शिकावे लागले.

प्रथम वैद्यकशास्त्र काय म्हणते ते पाहू. १९८३ मध्ये पॅट्रिक कार्न्स या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने लैंगिक व्यसनाची कल्पना लोकांपुढे ठळकपणे मांडली आणि दारू सोडवणाऱ्या गटांच्या धर्तीवरचे उपचार तेथे रुजले. तरीही अमेरिकी मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेने २०१३ मध्ये आजारांची नवी यादी काढली, तेव्हा जुगाराला व्यसनांच्या प्रकरणात जागा मिळाली आणि अतिकामुकतेचा प्रस्ताव मात्र पुराव्याअभावी नाकारला गेला. जागतिक आरोग्य संघटनेने आजारांच्या आपल्या अकराव्या वर्गीकरणात 'सक्तीयुक्त लैंगिक वर्तनाचा विकार' असा आजार मान्य केला. त्या वर्गीकरणाला २०१९ मध्ये मंजुरी मिळाली आणि १ जानेवारी २०२२ पासून ते लागू झाले. गंमत अशी, की या वर्गीकरणातही जुगार आणि मोबाईलवरील खेळ व्यसनांच्या गटात आहेत, आणि हा विकार मात्र चोरी करण्याच्या किंवा आग लावण्याच्या अनावर ऊर्मीशेजारी, ऊर्मींवर ताबा न राहण्याच्या गटात बसवला आहे. म्हणजे आजार आहे हे मान्य झाले, व्यसन आहे हे अद्याप मान्य झालेले नाही. मला ही सावधगिरी योग्य वाटते. रोज पिणाऱ्याची दारू एकदम तुटली की त्याचे हात थरथरतात, घाम फुटतो, प्रसंगी भ्रम होतो. शरीराने दिलेली एवढी स्वच्छ साक्ष या विकारात मिळत नाही. शिवाय दारू जन्मभर सोडता येते. कामेच्छा ही भुकेसारखी आहे, ती सोडायची नसते, आणि म्हणून दारूबंदीचे सारे शहाणपण येथे जसेच्या तसे चालत नाही.

वर्गीकरणातल्या खुणा वाचताना मात्र मला स्टुलावरचा तो मुलगा दिसत होता. सहा महिने किंवा अधिक काळ ऊर्मी आवरता न येणे, त्यापायी तब्येत आणि कामे मागे पडणे, थांबण्याचे अनेक प्रयत्न फसणे, नुकसान दिसत असूनही चालू राहणे, आणि समाधान फारसे किंवा मुळीच न मिळताही चालू राहणे, अशा त्या खुणा आहेत. शेवटची खूण मला सर्वांत बोलकी वाटते. केंब्रिज विद्यापीठातील व्हॅलेरी वून आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये असा त्रास असलेले १९ पुरुष आणि नसलेले १९ पुरुष यांच्या मेंदूची छायाचित्रे घेतली. त्रास असलेल्यांच्या मेंदूतील काही केंद्रे अश्लील दृश्ये पाहताना अधिक उद्दीपित होत होती आणि त्यांना हवेसे अधिक वाटत होते, पण आवड त्या प्रमाणात अधिक नव्हती. ३८ माणसांवरून जगाचा निकाल लावू नये, हे खरेच. तरी हवे वाटणे आणि आवडणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, ही बाब त्या मुलाने "कायबी वाटत नाही" या तीन शब्दांत सांगितली होती.

त्याच वर्गीकरणात एक ताकीदही आहे. केवळ नैतिक अपराधी भावनेतून होणारा त्रास या निदानाला पुरेसा धरू नये, असे तेथे स्पष्ट म्हटले आहे. आमच्या भागासाठी ही ताकीद सोन्याच्या मोलाची आहे. माझ्याकडे असे मुलगे पुष्कळ येतात, की जे आठवड्यातून एकदा-दोनदा हस्तमैथुन करतात, अभ्यास आणि शेतीची कामे नीट करतात, आणि तरीही स्वतःला बरबाद झालेले समजतात. "धातू जायलंय", "अंगात ताकद राहिली नाही", अशी त्यांची वाक्ये ठरलेली असतात. भारतीय मानसोपचारतज्ज्ञ डॉ. एन. एन. विग यांनी १९६० मध्ये या भीतीला 'धात सिंड्रोम' असे नाव दिले. या मुलांना आजार असतो तो भीतीचा, आणि ती भीती रेल्वे फाटकाजवळच्या भिंतींवर मोठ्या अक्षरांत रंगवलेली असते. कामशक्ती वाढवून देण्याचा दावा करणाऱ्या औषधांच्या जाहिरातींना १९५४ च्या कायद्याने बंदी आहे, पण भिंतीला कायदा वाचता येत नाही. र. धों. कर्वे यांनी १९२७ ते १९५३ या काळात 'समाजस्वास्थ्य' मासिक चालवून हेच अज्ञान फोडण्याचा प्रयत्न केला, अश्लीलतेचे खटले अंगावर घेतले, आणि १९३४ च्या खटल्यात त्यांची बाजू डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मांडली. त्यानंतर इतकी वर्षे गेली, तरी माझ्या काउंटरवर तेच प्रश्न येतात, फक्त विचारणाऱ्याच्या खिशात आता मोबाईल असतो. अशा मुलाला "तुला व्यसन आहे" म्हणणे म्हणजे निरोगी माणसाला आजारी पाडणे होय.

आता निवडीची बाजू; पण आधी, जेथे निवड नव्हतीच असे एक उदाहरण. माझ्या ओळखीतील एक निवृत्त गुरुजी, माळकरी, परस्त्री मातेसमान ही शपथ पाळून चाळीस वर्षे संसार केलेले. त्यांना कंपवात झाला आणि लातूरच्या डॉक्टरांनी प्रॅमिपेक्सोल नावाचे औषध सुरू केले. हाताचा कंप कमी झाला आणि काही महिन्यांनी गुरुजींचे पेन्शन महिना संपण्याआधीच संपू लागले. मोबाईलवर अनोळखी बायकांशी बोलण्यात ते पैसे जात होते; शिवाय सत्तरीच्या पत्नीचा रात्रीचा पिच्छा ते सोडत नव्हते. काकू गोळ्या न्यायला आल्या, तेव्हा पदर तोंडाला लावून एवढेच म्हणाल्या, "भाऊ, यांना कुणी काही केलंय." करणी कोणी केली नव्हती. कंपवातात मेंदूतील डोपामिन हे रसायन कमी पडते आणि हे औषध डोपामिनचे काम करते. पण ते हात हलवणाऱ्या केंद्रांपाशी थांबत नाही, इच्छेच्या केंद्रांपर्यंतही पोहोचते. अमेरिका आणि कॅनडातील ३,०९० कंपवाताच्या रुग्णांची पाहणी २०१० मध्ये प्रसिद्ध झाली. तीत या प्रकारची औषधे घेणाऱ्यांपैकी सुमारे १७ टक्के रुग्णांत जुगार, खरेदी, खाणे किंवा कामवासना यांपैकी कशावरचा तरी ताबा सुटलेला आढळला, आणि ही औषधे न घेणाऱ्यांत हे प्रमाण सुमारे ७ टक्के होते. मी काकूंना त्याच दिवशी डॉक्टरांना फोन लावून दिला. डॉक्टरांनी मात्रा हळूहळू उतरवली आणि दिवाळीपर्यंत गुरुजी पुन्हा पूर्वीचे गुरुजी झाले. येथे माझे "लावून घेतले" हे क्रियापद खोटे पडते. गुरुजींनी काही लावून घेतले नव्हते.

काकूंनी नंतर विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर मात्र मला देता आले नाही. "मग यांचा काहीच दोष नव्हता म्हणता, तर हे पासबुक गादीखाली का लपवत होते?" चूक काय हे गुरुजींना त्या काळातही कळत होते, कळणे शाबूत होते आणि आवरणे गेले होते, इतकेच मी म्हणू शकलो. कायदा या दोहोंत फरक करतो. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेचे कलम २२ मनोविकल माणसाला संरक्षण देते, पण ते कृत्याचे स्वरूप किंवा त्यातील गैरपणा न कळणाऱ्याला. कळत होते पण राहवले नाही, एवढ्याने तेथे सुटका होत नाही. दुसऱ्याच्या अंगावर हात टाकणाऱ्याने ऊर्मीचे कारण सांगू नये, असे मलाही वाटते.

याउलट एका नात्यातल्या बैठकीत मी बसलो होतो. जावई मोठे कंत्राटदार. बाहेरचे प्रकरण तिसऱ्यांदा उघडकीस आले, तेव्हा त्यांनी मोबाईलवर कोठेतरी ऐकलेला शब्द पुढे केला: "मला सेक्स ॲडिक्शन आहे, हा आजार आहे, मी काय करू?" सासरे गप्प झाले, कारण आजारापुढे माणूस काय बोलणार. मी जावयांना विचारले, की या काळात कोणते बिल काढायचे चुकले, कोणती निविदा भरायची राहिली, आणि थांबण्यासाठी आपण एकदा तरी काय केले. बिल एकही चुकले नव्हते. प्रयत्न एकच होता, सापडू नये याचा. आमच्याकडे पूर्वी अशा माणसाला "लंगोटाचा सैल" म्हणून मोकळे होत असत, आणि त्यात निदान फसवणूक नव्हती. बागायतदाराने केला तर तो शौक, ऊसतोड कामगाराने केला तर तो नाद, आणि बाईने केला तर तिला जो शब्द मिळतो तो येथे लिहिता येत नाही; त्या यादीत आता शिकलेल्या, पैसेवाल्या पुरुषासाठी 'ॲडिक्शन' हा चौथा शब्द आला आहे. खऱ्या रुग्णाचे यात दुहेरी नुकसान होते, कारण त्याने तोच शब्द उच्चारला की लोक हसतात.

त्या मुलाला मी गोळी दिली नाही. मनाची गोळी चिठ्ठीशिवाय द्यायची नसते, आणि या विकारासाठी म्हणून खास मंजूर झालेले औषधही नाही. नैराश्यावरची किंवा दारू सोडवण्यासाठी वापरतात ती नाल्ट्रेक्सोनसारखी औषधे मानसोपचारतज्ज्ञ विचारपूर्वक देतात. दुकानाच्या मागच्या खोलीतून त्याने टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ या क्रमांकावर फोन केला, तेथे मराठीत बोलता आले, आणि पुढे तो लातूरला मानसोपचाराच्या बाह्यरुग्ण विभागात जाऊ लागला. तेथील समुपदेशक बाईंनी त्याला एक साधी गोष्ट विचारली: दिवसाच्या कोणत्या वेळी तुझे तुझ्यावर चालते? तो म्हणाला, रात्री नऊपर्यंत.

तेव्हापासून तो रात्री नऊ वाजता मोबाईल माझ्या दुकानात आणून देतो आणि मी तो इन्सुलिनच्या फ्रीजशेजारच्या ड्रॉवरमध्ये ठेवतो. दुकान साडेदहाला बंद होते. त्याआधी तो परत मागायला आला तर मुकाट्याने द्यायचा, कारण मोबाईल त्याचा आहे, ही अट त्यानेच घातली. परत नेलेल्या रात्री मी उधारीच्या वहीच्या मागच्या पानावर रेघ मारून ठेवतो, तेही त्याच्याच सांगण्यावरून. पहिल्या महिन्यात ११ रेघा आहेत, दुसऱ्यात ४, आणि परीक्षेचा निकाल लागला त्या तिसऱ्या महिन्यात ७.