मेंथॉल काढून दुसरं काही घालायचं असेल तर

थंड तेल, आफ्टरशेव्ह, पायांचं जेल, टूथपेस्ट असं काहीही छोट्या प्रमाणावर बनवणारे लोक एक प्रश्न हमखास विचारतात: ‘मेंथॉल अर्धा टक्का घालतो, त्याऐवजी डब्ल्यूएस-३ किती घालू?’ डब्ल्यूएस-३ हा मेंथॉलसारखाच गारवा देणारा, पण जवळजवळ बिनवासाचा पदार्थ. एक आकडा सांगून या प्रश्नाचं उत्तर देता येत नाही. मेंथॉल, म्हणजे पुदिन्यातला गार पदार्थ, वास देतं, लावल्यावर लगेच गार वाटायला लावतं आणि जास्त झालं की झोंबतं. नवे पदार्थ यातलं फक्त गारव्याचं काम करतात, तेही आपापल्या वेळेने. म्हणून आधी ठरवायचं ते हे, की मेंथॉल नकोय ते नेमकं कशासाठी.

वास नको असेल, डोळ्यांना झोंबतं म्हणून नको असेल, की डब्यातून उडून जातं म्हणून, त्यावर निवड बदलते. होमिओपॅथीचं औषध चालू असलेल्या अनेकांना डॉक्टर पुदिना आणि कापूर टाळायला सांगतात. त्यांच्यासाठी टूथपेस्ट करायची तर गरज अगदी वेगळी असते.

गारवा येतो कसा, ते थोडक्यात. त्वचेतल्या आणि तोंडातल्या मज्जातंतूंच्या टोकांवर टीआरपीएम-८ नावाचं प्रथिन असतं. ते साधारण २५ अंशांच्या आसपास आणि त्याखाली उघडतं. मेंथॉल चिकटलं की उघडण्याचं तापमान वर सरकतं आणि ३२-३४ अंशांची त्वचासुद्धा मेंदूला ‘गार’ म्हणून कळते. २००२ साली डेव्हिड ज्युलियस आणि आर्डेम पॅटापुटियन यांच्या प्रयोगशाळांनी हे स्वतंत्रपणे दाखवलं. पुढे २०२१चं नोबेल या दोघांना तापमान आणि स्पर्शाच्या अशा ग्राहकांवरच्या कामासाठी मिळालं. त्वचेचं तापमान यात मुळीच उतरत नाही. स्पिरिट उडताना किंवा झायलिटॉल जिभेवर विरघळताना खरोखर उष्णता शोषली जाते, ती गोष्ट वेगळी.

याचा प्रयोगशाळेत थेट परिणाम होतो. एसी लावलेल्या खोलीत हाताला लावून पाहिलेलं जेल भन्नाट गार वाटतं, कारण त्वचा आधीच थंड असते. तेच जेल मे महिन्यात चंद्रपूरला कुणी लावलं तर गारवा बराच कमी भासतो. उन्हाळ्यासाठीचा माल पंखासुद्धा बंद ठेवून, गरम खोलीत तपासावा.

आता पदार्थ. रेझर ब्लेड बनवणाऱ्या विल्किन्सन सोर्ड कंपनीच्या रसायनतज्ज्ञांनी १९७०च्या दशकात बाराशेच्या आसपास संयुगं तपासली. डब्ल्यूएस-३ आणि डब्ल्यूएस-२३ ही त्यातलीच. डब्ल्यूएस-३ हे मेंथॉलच्याच सांगाड्यावरचं अमाइड आहे: पांढरे स्फटिक, वास जवळजवळ नाही, शंभर अंशांच्या थोडं खाली वितळतं. तोंडात गारवा सावकाश चढतो आणि बराच वेळ टिकतो. प्रमाण वाढलं की कडवट लागतं. डब्ल्यूएस-२३चा सांगाडा मेंथॉलचा नाही. ते साधारण ६० अंशांना वितळतं, लवकर जाणवतं, चव स्वच्छ असते, पण वजनाला वजन धरलं तर डब्ल्यूएस-३ पेक्षा सौम्य. मेंथिल लॅक्टेट त्वचेवर मऊ आणि रेंगाळणारा गारवा देतं, पण ते एस्टर आहे. फार आम्लधर्मी किंवा अल्कधर्मी मालात ते हळूहळू फुटतं, मेंथॉल सुटतं आणि दोन महिन्यांनी बाटलीतून पुदिन्याचा वास येऊ लागतो. मेंथोन ग्लिसरिन असिटलला आम्ल मुळीच चालत नाही. मेंथॉक्सिप्रोपेनडायॉल द्रव असतं, त्यामुळे स्फटिकांची कटकट नाही. लोशनमध्ये नवख्याने यापासूनच सुरुवात करावी असं माझं मत आहे.

भावाचाही विचार हवा. नैसर्गिक मेंथॉल मुख्यतः उत्तर प्रदेशातल्या बाराबंकी, बदायूं, संभल भागातल्या जपानी पुदिन्याच्या शेतीतून येतं आणि मेंथा तेलाचे वायदे मुंबईच्या एमसीएक्स या वायदेबाजारात होतात. भाव चढला की लोक पर्याय शोधतात. पण डब्ल्यूएस-३ आणि मेंथिल लॅक्टेट बनतात मेंथॉलपासूनच. त्या चढउतारापासून खरी सुटका हवी तर डब्ल्यूएस-२३ पाहावं.

बिनवासाच्या गार जेलचं एक किलोचं माप असं: पाणी ८७६ ग्रॅम, कार्बोमर (जेल घट्ट करणारी पावडर) ५, ग्लिसरिन ३०, प्रोपिलिन ग्लायकॉल ५०, पेग-४० हायड्रोजिनेटेड कॅस्टर ऑइल (पाण्यात न विरघळणारं पाण्यात मिसळवणारं) २०, मेंथिल लॅक्टेट ४, डब्ल्यूएस-३ फक्त १ ग्रॅम, फिनॉक्सिइथेनॉल (माल टिकवणारं) ९, ट्रायइथेनॉलअमाइन (पीएच वाढवून जेल घट्ट करणारं) सुमारे ५. कार्बोमर पाण्यावर भुरभुरून, गुठळ्या पूर्ण फुगेपर्यंत भिजू द्यायचं, मग ग्लिसरिन. दुसऱ्या झाकणाच्या भांड्यात ग्लायकॉल आणि पेग-४० एकत्र ६०-६५ अंशांपर्यंत कोमट करून त्यात दोन्ही गार पदार्थ पारदर्शक होईपर्यंत विरघळवायचे. डब्ल्यूएस-३ वितळवण्यासाठी शंभर अंशांपर्यंत तापवायची गरज नाही, ते विरघळतं. हे मिश्रण ४० अंशांवर आलं की फिनॉक्सिइथेनॉल घालायचं आणि सगळं बारीक धारेने, ढवळत, कार्बोमरच्या पाण्यात सोडायचं. ट्रायइथेनॉलअमाइन सगळ्यात शेवटी, थेंबाथेंबाने, पीएच ६ ते ६.५ येईपर्यंत. आधी घातलं तर जेल घट्ट होतं आणि गार पदार्थ एकसारखा पसरत नाही. मग एक चमचा बर्फासारखा आणि दुसरा चमचा कोरडा, अशी तक्रार येते.

चुका साधारण तीनच होतात. पहिली म्हणजे पेग-४० वाचवायला जाणं. ताजा माल काचेसारखा दिसतो आणि थंडीच्या दिवसांत त्यात बारीक सुया चमकतात: पाण्यात न मावलेलं डब्ल्यूएस-३ बाहेर आलेलं असतं. दुसरी चूक बरोबर उलटी. पेग-४० दुपटीने घातलं की माल स्वच्छ राहतो, पण गार पदार्थ त्याच्या सूक्ष्म थेंबांत अडकून बसतो आणि त्वचेपर्यंत कमी पोचतो. अशा वेळी लोक डब्ल्यूएस-३ वाढवत नेतात, आणि सगळं बिघडतं. तेलात हेच आणखी ठळक होतं: थंड तेलात गार पदार्थ सहज विरघळतो, पण त्याला तेलातच राहायला आवडतं, म्हणून जेलइतक्या मात्रेत गारवा निम्माही वाटत नाही. डोक्याच्या तेलासाठी थोडं मेंथॉल ठेवून सोबत डब्ल्यूएस-३ देणं मला जास्त पटतं. मेंथॉल लगेच कळतं, दुसरं मागून येऊन टिकतं. कापूर आणि ओव्याचं फूल सोबत असेल तर ते मेंथॉलबरोबर मिसळून आपोआप पातळ होतात, अमृतधारेत होतात तसे. डब्ल्यूएस-३ वर त्या युक्तीचा भरवसा ठेवू नये, ते वेगळं विरघळवूनच घालावं.

तिसरी चूक चाचणीतली. गारवा उशिरा चढतो हे लक्षात न घेता दोन मिनिटांत निकाल दिला जातो: ‘काही होत नाही, अजून घाला.’ दहा मिनिटांनी तोच हात झोंबायला लागतो. मनगटाच्या आतल्या बाजूला मोजून लावा, निदान अर्धा तास थांबा, आणि एका माणसावर दिवसात दोनच नमुने, दोन हातांवर. त्याच जागी पुन्हा लावलं तर त्वचा बधिरल्यासारखी होते आणि तिसरा नमुना नेहमीच फिका वाटतो. चेहरा हाताहून कितीतरी संवेदनशील, म्हणून हातावर जमलेली मात्रा चेहऱ्याच्या मालात तशीच उचलू नका.

डब्ल्यूएस-३ वजन करताना मास्क आणि चष्मा हवाच. बारीक धूळ डोळ्यात गेली तर बराच वेळ सुचू देत नाही. भांडी नुसत्या पाण्याने निघत नाहीत, स्पिरिटने पुसावी लागतात. नाहीतर पुढचा बेबी लोशनचा घाणा गार निघतो. दोन वर्षांखालच्या मुलांच्या नाकाजवळ मेंथॉलचा माल नकोच, श्वासनलिका आखडण्याचा धोका असतो. आणि ‘उष्माघातापासून संरक्षण’ असं कोणत्याही गार मालावर छापू नये. अंगभर मेंथॉल लावल्यावर त्वचेच्या रक्तवाहिन्या आकसतात आणि घाम उशिरा सुटतो असं प्रयोगांत दिसलं आहे. उन्हात राबणाऱ्या माणसाला हवं असतं ते याच्या नेमकं उलट.

‘मेंथॉलमुक्त’ लिहायचं असेल तर मेंथिल लॅक्टेटच्या पुरवठादाराकडून मोकळ्या मेंथॉलचं प्रमाण लेखी मागा आणि तीन महिन्यांच्या साठवणीनंतर स्वतःही तपासून घ्या. नमुने तीन ठिकाणी ठेवायचे: फ्रिजमध्ये, खोलीत आणि ४५ अंशांच्या ओव्हनमध्ये. फ्रिजमधल्या एका बाटलीत डब्ल्यूएस-३चा एक कण मुद्दाम टाका. द्रावण काठावर असेल तर त्या कणाभोवती सुया वाढतात, आणि हिवाळ्यात बाजारात जे दिसणार होतं ते आठवडाभरात समोर येतं.